वरबापाच्या गाडीतलं धुकं

गाडी घेताना मला कोणी सांगितलं नव्हतं की धुकं आतूनही मिळतं. बाहेरचं धुकं मला मान्य आहे. आमच्या लिमुरूत, नैरोबीवरच्या डोंगरात, थंडीचा जुलै लागला की माणूस शेजाऱ्याला चेहऱ्यावरून नाही, खोकल्यावरून ओळखतो. पण ते धुकं बाहेर राहावं म्हणूनच आपण चार दारांची वस्तू घेतो ना? माझ्या गाडीत मी बसलो, दार लावलं, चार श्वास घेतले, की समोरची काच पांढरीफटक. मग मी आणि गाडी, दोघंही जागच्या जागी आंधळे.

यात माझी नाचक्की जरा जास्तच आहे. मी, किबिरू, एकतीस वर्षं चहाच्या कारखान्यात पान सुकवायच्या विभागाचा प्रमुख होतो. हिरवं पान पोत्यांनी यायचं, आम्ही ते जाळीच्या लांब हौदांत पसरायचो, खालून कोरडी हवा सोडायचो, आणि ती हवा पानातलं पाणी उचलून घेऊन जायची. मूठभर पान दाबून मी सांगायचो, अजून दोन तास. माझा अंदाज चुकला असं एकतीस वर्षांत झालं नाही. निरोपाच्या दिवशी मॅनेजरसाहेब भाषणात म्हणाले, किबिरूंसारखा ओलाव्याचा वैरी या डोंगरावर दुसरा नाही. टाळ्या झाल्या, मला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. असा माणूस स्वतःच्या गाडीत बसून टॉवेलने काच पुसतो आहे, हे चित्र साऱ्या गल्लीने रोज सकाळी पाहिलं.

गाडी मी हौसेसाठी घेतली नव्हती. माझ्या मुलाचं, गिताऊचं, जमलं होतं. मुलगी न्याकिओ, गुणी, ईस्टरला आमच्याकडे जेवून गेलेली, मला ‘बाबा’ म्हणणारी. तिचं घर वर किनांगोपच्या थंड पठारावर, न्जाबिनीला. आमच्यात मुलाकडची माणसं पहिल्यांदा मुलीचं घर पाहायला जातात, त्या दिवसाला फार महत्त्व. दोन्ही बाप सगळ्यांसमोर हातात हात घेतात, आणि त्या दिवशी ज्याने हात दिला तोच पुढे बोलणीत, लग्नात, बारशात बाप. तिथे चूक दुरुस्त करायची सोय नाही.

आणि आजवर आमच्या घरातल्या प्रत्येक कार्याला मी माझ्या धाकट्या भावाच्या गाडीत, मागच्या सीटवर, सोड्याच्या क्रेटला धरून गेलो होतो. माझा भाऊ मुथिगानी लाकडाचा व्यापारी आहे. माणूस वाईट नाही, हेच त्याचं वाईट आहे. वाईट असता तर मला चार शिव्या देता आल्या असत्या. गिताऊला बँकेत चिकटवलं त्यानेच. हे तो कधी बोलून दाखवत नाही. त्याच्या बायकोला बोलता येतं. तेव्हा मी ठरवलं होतं की आयुष्यातला हा एक दिवस मी माझ्या गाडीतून, सगळ्यांच्या पुढे, बाप म्हणून जाणार.

गाडी जपानहून वापरून आलेली, आमच्याकडे सगळ्यांच्या येतात तशीच. सुरू केली की आतून एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी सांगायची. काय, ते देवाला ठाऊक. माझी बायको म्विहाकी पहिले आठ दिवस तिला उत्तर द्यायची. नवव्या दिवशी म्हणाली, “अहो, ही बाई रोज एकच गोष्ट सांगतेय, म्हणजे महत्त्वाचं असणार. कोणाला तरी विचारा.” मी म्हणालो, बायका रोज एकच गोष्ट सांगतात, ते काही महत्त्वाचं नसतं. हे वाक्य मला पुढे महाग पडलं, पण ते वेगळं.

धुक्याची बातमी गल्लीत पसरली आणि सल्लागार जमले. लिमुरूत कोणाकडे गाडी नसली तरी चालतं, गाडीबद्दल मत नसलेलं चालत नाही. पलीकडच्या जेरुशाबाई कापलेला बटाटा घेऊन आल्या. काचेला बटाटा चोळा, धुकं धरत नाही. मी चोळला. धुकं धरलं, आणि वर बटाटाही धरला. निवृत्त मुगो मास्तरांनी अंगाचा साबण लावायला सांगितला. साबण लावल्यावर पहिल्याच वळणावर समोर ऊन आलं आणि मला जगात नुसतं तेज दिसलं, रस्ता दिसला नाही. मग कोणी सांगितलं, मोज्यात मीठ भरून ठेवा, मीठ पाणी ओढतं. मिठाने खरंच पाणी ओढलं आणि ते सगळं म्विहाकीच्या चर्चच्या बुटांत सोडलं. त्यानंतर ती माझ्या गाडीत बसेनाशी झाली. “तुमच्या गाडीत आत पाऊस पडतो,” एवढंच म्हणाली, आणि छत्री घेऊन मटाटूत बसली. आमची मटाटू म्हणजे चौदा माणसांची गाडी, तीत वीस बसतात.

जेरुशाबाईंना मी शेवटी म्हणालो, “अहो, काच थोडी खाली करून चालवलं तर?”

“आणि न्यूमोनिया झाला तर?”

“तो माझा मला होईल.”

“बायकोला विचारलंत?”

इथे थांबून एक गोष्ट कबूल करतो. आमच्या डोंगरावर माणूस सिंहाला भीत नाही तेवढा चालत्या गाडीतल्या वाऱ्याला भितो. मटाटूत वीस जण कोंबलेले असतील, एकाच्या मांडीवर कोंबडी असेल, पण कोणी बोटभर काच उघडली की मागून तीन जण एकदम ओरडतील, काच लावा. मीही ओरडलो आहे. शिवाय बाहेरची हवा आत घ्यायचं बटण मी पहिल्याच दिवशी बंद करून ठेवलं होतं. उबदार हवा पैसे देऊन तयार केली आहे, ती आतल्या आत फिरू दे, असा माझा हिशेब. आपल्याच तोंडची वाफ आपल्याच तोंडावर फिरते आहे हे ओलाव्याच्या वैऱ्याला सुचलं नाही.

जूनच्या शेवटी मला पोलिसांनी अडवलं. एका हातात स्टिअरिंग, एका हातात टॉवेल, आणि डोकं खिडकीबाहेर, अशी माझी स्वारी चालली होती. हवालदार तरुण होता, पण पोट अनुभवी होतं.

“मामा, काच दिसत नाही.”

“काच दिसतेय, साहेब. काचेतून दिसत नाही.”

त्याने छापील फॉर्म काढला. फॉर्मवर काच फुटलेली, काच नसलेली आणि काच काळी केलेली, अशा तीन चौकटी होत्या. धुक्याची चौकट नव्हती. तो बराच वेळ विचारात पडला. मला त्याची दया आली, ही माझी चूक. शेवटी त्याने काळी केलेलीवर खूण केली आणि म्हणाला, “काळा कागद काढल्याचा दाखला पंधरा दिवसांत आणून दाखवा.”

“पण कागद लावलेलाच नाही.”

“मग काढायला काय जड आहे?”

दाखल्याच्या कचेरीत मी गेलो त्या दिवशी नेमकं ऊन. कारकुनाने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, या काचेवर काही नाही. मी म्हणालो, तेच लिहून द्या. तो म्हणाला, तसा दाखला नसतो. आधी कागद होता हे आम्ही पाहिलं पाहिजे, मग काढला हे पाहिलं पाहिजे, मग दाखला. मी विनवण्या केल्या. तेव्हा आत बसलेल्या बाईसाहेब म्हणाल्या, धुकं कसं धरतं ते दाखवा, त्यावरून बघू. मग त्या बाईसाहेब, दोन कारकून, शिपाई आणि मी असे पाच जण काचा लावून माझ्या गाडीत बसलो आणि सरकारी वेळेत सात मिनिटं श्वास घेत राहिलो. धुकं उत्तम धरलं. बाईसाहेबांनी बोटाने काचेवर आपलं नाव लिहून पाहिलं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, “हो, दिसत नाही. दोष मान्य. आता दुरुस्त करून आणा.” म्हणजे गेलो होतो निर्दोष, परतलो सरकारमान्य दोषी होऊन.

त्या दुपारी मी रस्त्याच्या कामावर थांबलो. तिथला चिनी मुकादम आमच्याकडून अंडी न्यायचा, तेवढी ओळख. गाडीच्या खणात गाडीच्या माहितीचं जपानी पुस्तक पडलेलं होतं. मी ऐकलं होतं की चिनी माणसाला जपानी लिपीतली काही अक्षरं वाचता येतात. त्याने पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं, आणि आमच्या भाषेतले त्याला येणारे दोन शब्द जुळवले. “ओल,” तो म्हणाला. मग हाताने उपटून फेकल्यासारखं करून, “काढ.” चित्रातलं बटण दाखवलं. मी पाहिलं तर ते एसीचं बटण.

मला हसू आलं. जुलै तोंडावर आलेला, आम्ही दोन स्वेटर घालून झोपतो, आणि हा मला गार हवा लावायला सांगतो. मी त्याला खुणेने कुडकुडून दाखवलं. त्याने मान हलवली आणि दुसरं बटण दाखवलं, गरम हवेचं. दोन बोटं जोडून दाखवली: दोन्ही एकदम. एकाच चुलीवर बर्फ आणि भाजी करायला सांगणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार? मी सहा अंडी जास्त देऊन निघालो. तरी वाटेत, कोणी बघत नाही असं पाहून, ते बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. बाकी काही झालं नाही. धुकं होतं तसंच. मला बरं वाटलं, कारण तो मूर्ख ठरला.

गिताऊच्या कार्याला दोन दिवस राहिले तेव्हा मी मेकॅनिक गिचुहीकडे गेलो. सगळं ऐकून त्याने बॉनेट उघडून आत पाहिलं.

“काका, एसीचा पट्टा आपण मार्चमध्ये काढला ना?”

“कोण आपण?”

“तुम्ही म्हणालात, लिमुरूत एसी कशाला, फुकट पेट्रोल खातो. मी म्हणालो, राहू द्या. तुम्ही म्हणालात, तू मला शिकवू नकोस. मग मी पट्टा काढला, वरचा पंपही काढला. तो आता नाकुरूच्या एका टॅक्सीत आहे.”

आमच्याकडे निम्म्या गाड्यांचा तो पट्टा काढलेला आहे. काढणारा प्रत्येक जण स्वतःला शहाणा समजतो. मी तर दोन-तीन जणांना सल्लाही दिला होता.

“पण एसीचा आणि धुक्याचा काय संबंध?” मी विचारलं.

तो फ्रिजमधली सोड्याची बाटली पीत होता. ती त्याने माझ्यापुढे धरली. बाहेरून थबथबली होती. “हे पाणी कुठून आलं? बाटली गळत नाही. हवेतलं पाणी गार काचेला चिकटलं. तुमच्या पुढच्या काचेवर तेच होतं. आता एसी काय करतो, तर आत अशीच एक गार जाळी ठेवतो. हवा तिच्यावरून जाते, पाणी जाळीला चिकटतं, खाली नळीतून रस्त्यावर गळतं. उरली कोरडी हवा. ती मग गरम करायची आणि काचेवर सोडायची. गरम कोरडी हवा काचेवरचं पाणी उचलून घेते. दोन मिनिटांत काच साफ. थंडीतच त्याचा खरा उपयोग, काका.”

कोरडी हवा सोडायची, ती पाणी उचलून घेते. मी तिथल्या टायरवर बसलो. एकतीस वर्षं मी हेच केलं होतं, हेच दुसऱ्यांना शिकवलं होतं, याच्याच नावाने घड्याळ घेतलं होतं. आणि स्वतःच्या गाडीतला तो हौद मी स्वतः सांगून उपटून टाकला होता. एवढी लाज मला निवृत्तीनंतर वाटली नव्हती, आणि निवृत्तीनंतर मला बरीच वाटली आहे.

“आजच्या आज बसव,” मी म्हणालो.

“पंप नैरोबीहून यायला हवा. सोमवारी.”

“कार्य शनिवारी आहे.”

“मग शनिवारी काचा उघड्या ठेवा,” तो म्हणाला, आणि स्वतःच जीभ चावली. वाऱ्याला भिणारी आजी त्यालाही आहे.

शुक्रवारी मुथिगानीचा फोन आला. त्याला सगळं कळलं होतं. मेकॅनिक एकच आहे ना गावात. “दादा, कशाला त्रास घेतोस? माझ्या गाडीत ये. मागे जागा आहे.”

तो ‘मागे’ म्हणाला नसता तर मी कदाचित गेलो असतो. “तू पुढे हो,” मी म्हणालो, “मी वाइरेगी आजोबांना घेऊन येतो.” म्विहाकी मात्र त्याच्या गाडीत बसली. बूट नवे होते.

शनिवारी सकाळी साडेसातला प्रार्थना करून आम्ही निघालो. पाच गाड्या, प्रत्येकीच्या मागे लाल फीत. ठरल्याप्रमाणे माझी गाडी सगळ्यांत पुढे. हा मान मला अकरा मिनिटं मिळाला. माझ्या शेजारी वाइरेगी आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर, आमच्या घराण्याचे बोलणारे, बोलणी असोत की अंत्यविधी, तोंड त्यांचंच. कोट, त्यावर कोट, आणि लोकरीची टोपी. मागे माझी गाथोनी आत्या, ओल्या छत्रीसकट, आणि तिच्या मांडीवर पाहुण्यांसाठी मुकिमोचं पातेलं. मका, बटाटे आणि भोपळ्याचा पाला, नुकतंच चुलीवरून उतरवलेलं. म्हणजे गाडीत तीन तोंडं, एक ओली छत्री आणि एक वाफाळतं पातेलं. कारखान्यात मी असा हौद पाहिला असता तर पाळीवरच्या माणसाला घरी पाठवलं असतं.

किमेंडे गावाच्या अलीकडेच काच पांढरी झाली. मी वेग कमी केला. मुथिगानीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, थोडा वेळ वाट पाहिली, मग मोठ्या अदबीने मला ओलांडून पुढे गेला. मागोमाग बाकीचे तिघे गेले. मी माझ्या बाजूची काच दोन बोटं खाली केली.

“कोणी उघडलं?” आजोबा म्हणाले.

“आजोबा, दिसत नाहीये.”

“तुला दिसायला हवं म्हणून मी मरू का? माझा आवाज बसला तर तिथे बोलणार कोण? तू?”

मी काच लावली. आत्याने मागून पातेल्याचं झाकण जरा सारलं, मुकिमो घामेजू नये म्हणून. उजव्या हाताने टॉवेल मारत, बशीएवढ्या गोलातून बघत मी चालवत होतो. त्या गोलात मला पुढे एक पांढरी गाडी आणि तिच्या मागची लाल फीत दिसली. आमचे लोक थांबून राहिले असं वाटून माझा जीव भांड्यात पडला. त्या फितीला डोळे लावून मी फ्लायओव्हरच्या फाट्यावर वळलो, आणि पुढे मागुमूला ती आत वळली तशी मीही वळलो. आमच्याकडे चारातल्या तीन गाड्या पांढऱ्या असतात आणि जुलैतल्या शनिवारी प्रत्येक रस्त्यावर कोणाची ना कोणाची वरात असते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

फाटकाशी बायका गात होत्या. आत येऊ देणार नाही, कोण तुम्ही, कुठून आलात, अशी ती गाणी असतात. वाइरेगी आजोबा गाडीतून उतरले आणि त्यांनी असं काही उलट गाऊन उत्तर दिलं की दोन्हीकडच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि फाटक उघडलं. मी गाडी लावायला गेलो. मांडवात पोचलो तेव्हा आजोबा पुढच्या रांगेत, हातात चहा. अनोळखी चेहरे बरेच होते, ती मुलीकडची मंडळी असणार असं मी धरलं. म्विहाकी दिसेना, ती स्वयंपाकघरात असणार. मुथिगानी दिसेना, त्याचं मला बरंच वाटलं.

मग आजोबा उठले आणि चाळीस मिनिटं बोलले. कुळ, डोंगर, बोकड, सगळं आलं. त्या दुसऱ्या वरातीचाही एक बोलणारा होता, पण एवढ्या वयाच्या माणसाला कोण अडवणार? त्याला वाटलं हे मुलाच्या आईकडचे कोणी. यजमानांना वाटलं, केवढा मान दिला आपल्याला. शेवटी आजोबा म्हणाले, “तर आमचा गिताऊ, बँकेतला मुलगा...”

“कोण गिताऊ?” यजमान म्हणाले. “आमचा जावई जनावरांचा डॉक्टर आहे.”

पुढचं सांगत बसत नाही. त्यांनी आम्हाला चांगलं वागवलं. एका बाईने तर आत्याला रिकामं पातेलं धुऊन दिलं. रिकामं, कारण मुकिमो तोवर वाढून झाला होता. गाडीत बसल्यावर पातेल्याखालच्या टोपलीत माझा फोन सापडला. म्विहाकीचे चौदा फोन येऊन गेले होते. “वाजत होतं काहीतरी,” आत्या म्हणाली, “मला वाटलं तुझी ती जपानी बाई.”

न्जाबिनीला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. वाइरेगी आजोबा उतरले, काठी आपटत तडक आत गेले. त्यांच्या पांढऱ्या केसांना कोणी उशीर विचारत नाही. आत्या मागोमाग गेली. मी गाडी लावली, खांद्यावर टॉवेल, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, आणि फाटकाशी आलो. तिथल्या बाईने मला आपादमस्तक पाहिलं आणि मायेने म्हणाली, “ड्रायव्हर मंडळींचं मागे आहे, गोठ्याच्या अंगाला. गरम आहे अजून, बसा जाऊन.”

मी म्हणालो, मी ड्रायव्हर नाही. ते तिने ऐकलं नसावं, कारण मांडवात टाळ्या चालल्या होत्या. कनातीच्या फटीतून मी पाहिलं. मधोमध सोफा. त्यावर म्विहाकी, नवे बूट एकमेकांना चिकटवून. तिच्या शेजारी मुथिगानी, खांद्यावर मानाची घोंगडी, आणि न्याकिओच्या वडिलांचे दोन्ही हात त्याच्या हातात. म्विहाकी मांडीवरच्या पर्सकडे बघत होती.

गिताऊने मला पाहिलं. तो इतक्या घाईने बाहेर आला की मला वाटलं, न्यायलाच आला.

“बाबा, कुठे होतात? अकरापर्यंत थांबवलं आम्ही त्यांना. ते म्हणाले, बाप आला नसेल तर परत जा, पुढल्या वर्षी या. त्यांच्याकडे असंच असतं. मग काका उठले.”

“उठून काय केलं?”

“म्हणाले, मी बाप.”

“आणि तू काय केलंस?”

त्याने माझ्या खांद्यावरच्या टॉवेलकडे पाहिलं. “मी हो म्हणून मान हलवली.”

“बरं. मग आता आत जाऊ आणि खरं सांगू. दंडाचा बोकड देऊ.”

“आता सांगितलं तर काका खोटे ठरतील, बाबा. आई खोटी ठरेल. मी खोटा ठरेन. तिचे वडील चर्चचे पंच आहेत, ते मुलगीच देणार नाहीत.” त्याने मागे वळून मांडवाकडे पाहिलं. “आजचा दिवस फक्त. तुम्ही आत येऊ नका.”

“आणि लग्नात?”

“तेव्हा बघू.”

तेव्हा काय बघणार, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मला राग आला. एवढा की मुथिगानीच्या खांद्यावरची ती घोंगडी ओढून काढावी असं वाटलं. मग गिताऊच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मला रडूच यायला लागलं. पण रडत उभा असलेला ड्रायव्हर बघून लोक विचारतील. मी मागे गेलो.

गोठ्याजवळ बाकावर सहा ड्रायव्हर बसले होते. मुथिगानीचा ड्रायव्हर मला ओळखत होता. तो सरकून बसला, मला जागा केली, एवढं त्याला कळतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “आज काचेने त्रास दिला असेल ना? अशा हवेत एसी लावायचा. हवेतली ओल निघून जाते.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

थोड्या वेळाने मुलीकडच्या बायका ताटं घेऊन आल्या. त्यांत न्याकिओ होती. खांद्यावर नवी रंगीत चादर, हातात भाजलेलं मांस आणि चपात्यांचं ताट. मला पाहून ती जागीच थांबली. तिच्या मागे तिच्या दोन मावश्या होत्या. तिचे ओठ हलले, आणि मी मान किंचित हलवली, नको म्हणून. मग तिने ताट शेजारच्या माणसाच्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “ड्रायव्हरकाका, तुम्ही जेवलात का?”

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची मांडीवर घडी घातली.

“जेवलो, बाई,” मी म्हणालो.